शिडीवाली आणि बंद लिफ्ट

शिडीवाली कधी शिडीवर चढायची नाही. खात्यात तिला हे नाव पडलं ते तिच्या अभ्यासामुळे, पण मला ते आवडायचं ते वेगळ्याच कारणाने. भौतिकशास्त्राच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ग्रंथालय होतं आणि मी तिथली ग्रंथपाल. नोकरीला लागली त्याच आठवड्यात ही बाई माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली.

"मावशी, वरच्या फळीवरचं ते जाड पुस्तक काढून देता का?"

मावशी मला सगळेच म्हणायचे. मी म्हटलं, "शिडी तिथेच आहे, चढ की."

मांजर पाण्याच्या बादलीकडे बघतं तसं तिने त्या लाकडी शिडीकडे बघितलं. "मला चक्कर येते."

"दोन पायऱ्यांना?"

"पहिलीलाच येते."

पुस्तक मी काढून दिलं आणि तेव्हापासून आमचं जमलं. त्यातून ती राहायला माझ्या समोरच. आमच्या दोन दारांमध्ये दोन पायपुसणी सोडली तर काही नव्हतं. लोकांच्या घरात डोकवायची मला जुनी खोड, आणि या घरात डोकवायला मान फार लांब करावी लागायची नाही. केस आखूड, पायात बारा महिने कापडी बूट, बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघणार. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. तो तोंडाने फटकळ आणि चहा करण्यात पटाईत. मुलगी शिकायला परगावी. भांडणं व्हायची ती टॉवेल कुठे वाळत घालायचा यावरून. सांगण्यासारखं खरं तर काहीच नाही त्या घरात. पण सांगण्यासारखं काही नसलेल्या घरांवरच माझा डोळा असतो.

आता तिची शिडी. एकदा वाचनकक्षात कुणी नव्हतं, तेव्हा मी तिला म्हटलं, बाई गं, दिवसभर करतेस तरी काय ते एकदा मला कळेल असं सांग. तिने समोरच्या बाकांकडे बोट दाखवलं.

"समजा ही बाकं एका ओळीत मांडली. बाकांवर बसणारे वाचक म्हणजे माझे कण. प्रत्येक वाचकाला दोन गोष्टी वाटतात. एक, शेजारच्या बाकावर सरकावं. दुसरी, आपल्या बाकावर दुसरं कुणी येऊ नये."

"माणसंच आहेत की."

"दुसऱ्याचा तिटकारा जास्त असेल, तर बाकागणिक एकेक जण बसतो आणि सगळं जाम होतं. कुणाला हलायचंच झालं तर दुसऱ्याच्या मांडीवर बसावं लागेल. उलट सरकायची खुमखुमी जास्त असेल, तर सगळेच वाहायला लागतात. मग अमका या बाकावर आहे असं म्हणताच येत नाही. प्रत्येक जण थोडा थोडा सगळ्या बाकांवर असतो."

"आमचे हे तसेच होते. घरात आहेत म्हणावं तर दिसायचे नाहीत, नाहीत म्हणावं तर ताट मांडलं की हजर."

ती हसली. म्हणाली, "या झाल्या दोन अवस्था. बर्फ आणि पाणी असतं तशा. फक्त इथे ऊन लागून काही वितळत नाही. गारठा इतका, की उष्णता जवळपास नाहीच. तरी अवस्था बदलते, ती या दोन इच्छांच्या ओढाताणीमुळे."

"आणि ओळच कशाला? भरपूर मोठी खोली घे की."

"मोठ्या खोलीत माणूस वळसा घालून जातो, मावशी. बोळात वळसा नाही. पुढचा हलल्याशिवाय मागच्याला हलता येत नाही, एकाने अंग चोरलं की पार टोकाच्या माणसाला कळतं. म्हणून बोळातले कण फार वेगळे वागतात." असे दोन बोळ शेजारी शेजारी घ्यायचे आणि मध्ये जागोजाग आडव्या वाटा काढायच्या, की झाली तिची शिडी. सगळी कागदावर आणि संगणकात. तिथून पडायची भीती नाही.

या शिडीवर तिला एक नवी अवस्था सापडली होती. कणांना एकमेकांचा तिटकारा नसून किंचित ओढ असेल, तर ते जोडीजोडीने बसतात. एका बाकावर जोडी, पुढचं रिकामं, मग पुन्हा जोडी. आणि गंमत अशी, की एवढी शिस्तीची मांडणी असूनही जोड्या वाहत राहतात. जाम म्हणावं तर वाहतंय, वाहतंय म्हणावं तर मांडणी मोडत नाही. मोठ्या मासिकात छापून आलं. लोक तिला 'जोड्यांवाली' म्हणायला लागले होते, पण ते नाव जरा भलत्याच धंद्याचं वाटतं असं मीच म्हटलं, म्हणून शिडीवालीच राहिलं.

तळमजल्यावर एक प्रयोगशाळा होती. तिथल्या प्राध्यापकांना मी थंडोबा म्हणायचे. अणू गार करणं हा त्यांचा उद्योग, आणि स्वभावही तसाच. हाक मारली की 'ओ' यायला वेळ लागायचा. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशाला कायम पेचकस. हवा काढून टाकलेल्या एका धातूच्या डब्यात ते लेझरच्या किरणांची आडवी-उभी जाळी विणायचे आणि तिच्या एकेका घरात अणू बसवायचे. म्हणजे शिडीवालीची बाकं, पण खरीखुरी, उजेडाची. त्यांनी तिचा लेख वाचला, तीन मजले चढून ग्रंथालयात आले, ती तिथेच बसली होती, आणि माझ्यादेखत म्हणाले, "बाई, तुमच्या जोड्या मी दाखवतो. कागदावर राहायला नकोत."

इतकं लांबलचक वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. शिडीवाली कानापर्यंत लाल झाली होती.

आणि तिथून माझ्या गुडघ्यांचे हाल सुरू झाले.

कारण जोड्या दिसेनात. थंडोबांच्या फोटोंत जोड्यांऐवजी नुसते गठ्ठे यायचे, आणि क्षणात गठ्ठ्याच्या जागी काळोख. एका घरात तीन अणू एकत्र आले की ते एकमेकांना असे धडकतात म्हणे, की तिघेही जाळीबाहेर फेकले जातात. थंडोबांना वाटलं, जाळी हलतेय, त्यामुळे अणू नको तिथे घसरतायत. त्यांनी टेबलाखाली रबर घातलं. हवा काढायचा पंप बदलला. आरसे बदलले. मग त्यांचा संशय भिंतीपलीकडच्या लिफ्टवर गेला. ती वर-खाली झाली की जमीन थरथरते, म्हणून त्यांनी वरिष्ठांच्या मागे लागून लिफ्टच बंद करून घेतली. दारावर त्यांच्या तिरक्या अक्षरात पाटी लागली: 'प्रयोग चालू आहे. कृपया जिना वापरावा.'

प्रयोग चालूच राहिला. वर्षामागून वर्षं गेली. पुस्तकांची ट्रॉली तिसऱ्या मजल्यावर अडकून पडली, गठ्ठे आम्ही कडेवर घेऊन वाहिले. खात्यातल्या जाड्या लोकांची वजनं उतरली, एवढाच काय तो विज्ञानाचा लाभ. जिन्यात धापा टाकणारा प्रत्येक जण थंडोबांच्या नावाने बोटं मोडायचा. त्या शिव्यांचा खरा पत्ता वेगळाच होता, पण तो तोवर कुणालाच ठाऊक नव्हता. जिचा होता तिलाही.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे चिमटे मागायला गेले, तर घरात नव्या संगणकाचं कौतुक चाललेलं. चष्मेवाला पडदे धुऊन वाळत घालत होता. शिडीवाली म्हणाली, "मावशी, बसा. जुना संगणक ज्या हिशोबाला आठवडा खायचा, तो हा तुमचा चहा होईस्तोवर करेल."

"एवढा पळतोय तर जरा ओझं घाल त्याच्यावर," चष्मेवाला खिडकीतून म्हणाला.

तिने ओझं घातलं. झालं होतं असं, की बाकावर कितीही वाचक बसू द्यायचे म्हटलं तर मांडण्यांची संख्या भलतीच फुगते, आणि जुना संगणक धाप टाकायचा. म्हणून अगदी सुरुवातीला तिने तात्पुरती अट घातली होती: एका बाकावर जास्तीत जास्त दोन. तिसऱ्याला बंदी. पुढे ती अट उठवून तिने तपासूनही बघितलं होतं, नाही असं नाही. पण तपासलं ते कणांना एकमेकांचा तिटकारा असतो त्या भागात. तिथे तिसरा कशाला येतोय मरायला? बंदी असली काय, नसली काय. जिथे ओढ होती, त्या भागात तपासायचं राहून गेलं. तपासणी झाली आहे, एवढंच डोक्यात पक्कं बसलं.

त्या दुपारी केवळ नव्या संगणकाचा जोर दाखवायला तिने तिथली बंदी उठवली.

चहा आला. मी कप तोंडाला लावला आणि तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला होता. "मशीन सदोष आलंय," ती म्हणाली. पुन्हा चालवलं. मग आकडे थोडे बदलून पुन्हा. चष्मेवाला ओला पडदा हातात धरून मागे येऊन उभा राहिला. जोड्या कुठेच नव्हत्या. बंदी उठल्याबरोबर जोडीजवळ तिसरा आला, मग चौथा, आणि सगळे एकाच बाकावर ढीग करून बसले. बाकीची शिडी रिकामी.

मला कुठलं गप्प बसवतंय. मी म्हणून गेले, "म्हणजे तिसऱ्याला दार बंद होतं म्हणून जोड्या टिकल्या होत्या? अगं, यात नवीन काय शोधलंस? सगळ्या जगाचं असंच आहे."

ती हसली नाही. चष्मेवालाही नाही. ती हळूच म्हणाली, "मावशी, थंडोबांना ढीगच दिसतायत. इतकी वर्षं."

दुसऱ्या दिवशी ती सांगायला गेली. हे मी तिच्या बाजूने मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात तिची बाजू फारशी उरत नाही. ती तळमजल्यावर गेली, तोंड उघडणार, एवढ्यात थंडोबाच म्हणाले, "बाई, बरं झालं आलात. मला तुमची माफी मागायची होती."

"माझी?"

"तुमचं काम सोन्यासारखं. माझ्या हातात आल्यावर माती झाली. डबा चांगला आहे, किरण चांगले आहेत. माझा हातच आता थरथरतो. आरसा केसभर फिरवायचा तर बोटभर फिरतो." त्यांनी हात पुढे करून दाखवला. ती सांगते, हात खरंच थरथरत होता. पण तो आधीपासून थरथरत होता, की इतकी वर्षं स्वतःला दोष देऊन थरथरायला लागला होता, कोण जाणे. मग त्यांनी टेबलाखालून एक पिशवी काढली. "आमच्या झाडाची लिंबं आहेत. घेऊन जा. तेवढंच."

ती लिंबं घेऊन परत आली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा पिशवी. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. थंडोबांच्या झाडाला त्या साली कसली लागण झाली होती देव जाणे. पिशवी खात्यातल्या तिच्या खोलीच्या दाराला लटकलेली असायची, सोबत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. तिच्या घरात ओट्यावर लिंबं, टोपलीत लिंबं, फ्रीजच्या डोक्यावर लिंबं. एकही खाववेना तिला आणि एकही टाकवेना. शेवटी तिने त्या लिंबांनी नळ घासायला सुरुवात केली. नळ झाले, मग दारांच्या कड्या झाल्या, मग ती माझ्याकडे आली. "मावशी, तुमचे नळ काळे पडलेत." माझे नळ काळे पडले नव्हते, पण मी घासू दिले. माणसाला काहीतरी घासायला लागतं.

तिची ही खोली तळमजल्यावरच, प्रयोगशाळेच्या बोळाच्या टोकाला, थंडोबांच्या दाराच्या पुढे. बोळ मूळचा अरुंद. त्यात एका भिंतीला जुनी लोखंडी कपाटं लावलेली. समोरून कुणी आलं तर एकाने अंग चोरून कपाटाला चिकटायचं किंवा मागे सरून दारात शिरायचं, तिसरी सोय नाही. म्हणून शिडीवालीने तो रस्ताच सोडला. सायकली लावतात त्या मागच्या अंगणातून, कचऱ्याच्या पेट्यांना वळसा घालून, मागच्या दाराने ती आपल्या खोलीत जायला लागली. मी वरच्या खिडकीतून बघायचे. मोठ्या खोलीत माणूस वळसा घालून जातो, हे तिनेच मला शिकवलं होतं.

मी तिला खूप चिडवलं. म्हटलं, "अगं, चोर पण पुढच्या दाराने येतो हल्ली." म्हटलं, "मी सांगू का त्यांना? माझ्या जिभेला हाड नाही, माझं कुणी मनावर घेणार नाही." यावर मात्र तिने माझा हात घट्ट धरला. "नको. मीच सांगणार. या आठवड्यात." आणि मी गप्प राहिले. यावर खात्यात आजही कुणाचा विश्वास बसत नाही.

चष्मेवाल्याने मात्र एकदा सोडलं नाही तिला. जेवताना, माझ्यासमोर. म्हणाला, "माझ्या दुकानात चुकीच्या नंबरची काच गेली, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येतं. शिव्या घालतं. मी काच बदलून देतो, विषय संपला. तुझं गिऱ्हाईक शिव्या घालत नाही. ते स्वतःचे डोळे गेले म्हणून रडतंय, आणि वर तुलाच लिंबं आणून देतंय."

"तू वाढ मला," ती म्हणाली.

"वाढतो. पण काच बदल."

"बदलायला काच आहे कुठे माझ्याकडे? जोड्या नाहीतच. त्यांना काय देऊ, रिकामी फ्रेम?"

"त्यांचे डोळे चांगले आहेत एवढं तरी दे."

ती ताटावरून उठली. मी राहिलेली पोळी संपवली, कारण असल्या वेळी कुणीतरी जेवत राहिलं की बरं असतं.

मग एका सकाळी लिफ्ट चालू झाली.

खात्यात सणासारखं वातावरण. पाटी काढलेली, आत नवा दिवा. जाडे प्राध्यापक एका मजल्यासाठीसुद्धा लिफ्टने जात होते. मी तर पुस्तकांची ट्रॉली घातली आत; बिचारी इतक्या वर्षांनी तळमजला बघणार होती. शिडीवालीच्या नावाचे नियतकालिकांचे गठ्ठे साचले होते, म्हटलं स्वतः नेऊन देऊ. तळमजल्यावर दार उघडलं, तर समोर तीच उभी, आणि लिफ्टच्या दिव्याकडे अशी बघतेय जसं घरात कुणी गेलंय.

"मावशी, लिफ्ट कुणी चालू केली?"

"थंडोबांनीच कळवलं म्हणे. आता गरज नाही म्हणाले."

तिला लगेच कळलं. मला कळायला जरा वेळ लागला. लिफ्ट चालू, म्हणजे प्रयोग बंद.

ती बोळात शिरली. मागच्या अंगणाची आठवण तिला राहिली नाही. मी ट्रॉली ढकलत मागोमाग. आणि तेवढ्यात पुढून थंडोबा आले, हातात एक पेटी, पेटीत कापडात गुंडाळलेले आरसे. बोळाच्या मधोमध दोघं समोरासमोर. ते पेटीमुळे कपाटाला चिकटू शकेनात. ती मागे सरावी, तर मागे माझी ट्रॉली, कपाटापासून भिंतीपर्यंत. मी ट्रॉली मागे घेऊ शकले असते. घेतली नाही.

"सर, आरसे उतरवू नका," ती म्हणाली.

"उतरवले. काल संध्याकाळपासून तेच करतोय. नवीन लोक येतील, त्यांना जागा हवी. मला पुरे झालं, बाई."

"तुमच्या हाताचा दोष नाही. जोड्या नाहीतच. माझ्या हिशोबात एका घरात दोनच अणूंना परवानगी होती. ओढ असते त्या भागात ती अट मी कधी उठवलीच नव्हती."

थंडोबा हाकेला उशिरा 'ओ' देणारे. त्यांनी आधी पेटी छातीशी नीट धरली.

"दोनच?"

"दोनच."

"आणि उठवल्यावर?"

"ढीग."

"मला ढीगच दिसत होता," ते म्हणाले. मग जरा मोठ्याने, "बाई, मला पहिल्या दिवसापासून ढीगच दिसत होता हो!" त्या वाकलेल्या माणसाची पाठ त्या क्षणी सरळ झालेली मी बघितली. आनंदच झाला होता त्यांना, दुसरं काही नाही. "म्हणजे यंत्र खरं बोलत होतं. लिफ्ट नाही, पंप नाही, मी नाही. मी आपला खऱ्यालाच खोटं पाडत बसलो होतो." ते हसले देखील. तिच्या जिवात जीव आला असणार, कारण तिचे खांदे खाली आले.

मग त्यांनी विचारलं, "कधी लक्षात आलं?"

'काल' म्हणायला किती वेळ लागतो? मी तिच्या जागी असते तर 'काल' म्हटलं असतं आणि घरी जाऊन निवांत झोपले असते. शिडीवालीने त्यांच्या खांद्यावरून मागे नाही बघितलं. पहिल्यांदाच सरळ तोंडाकडे बघितलं.

"तुम्ही पहिली लिंबं दिलीत, त्याच्या आदल्या दिवशी."

त्यांचं हसू एकदम गेलं नाही. थोडं थोडं करून गेलं, त्याच त्यांच्या चालीने.

"लिंबं घेतलीत तुम्ही."

"हो."

"दर आठवड्याला."

"एकही खाल्लं नाही, सर."

"मग काय केलंत?"

खोटं बोलायची तिची शक्ती संपली होती. "नळ घासले."

थंडोबा पेटी घेऊन उलटे चालत मागे गेले, एकेक पाऊल सांभाळत, आरसे खळखळू न देता. आपल्या दारात पोचले आणि आत शिरून दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं ती मला नंतर म्हणाली.

चुकीची कबुली तिने मासिकाकडे त्याच आठवड्यात पाठवली. छापून आली, चार ओळी. ज्यांना ती पुढे गेलेली बघवत नव्हती त्यांनी ग्रंथालयात येऊन तो अंक मागून मागून वाचला. मी त्यांना तो देताना पान मुद्दाम चुकीचं उघडून द्यायचे. पण या चार ओळींचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. हिशोब कुणाचाही चुकतो, ती म्हणायची, आणि चुकला तर खोडता येतो. तिच्या मानेवर बसली होती ती लिंबं. ज्या माणसाने आपल्याच चुकीबद्दल आपली माफी मागितली, त्याची ती माफी तिने पिशवीसकट घरी नेली होती, आठवड्यामागून आठवडा. हे खोडून कुठे छापायचं?

लिंबं अर्थातच बंद झाली. चष्मेवाला पुन्हा नळ पावडरीने घासू लागला.

आणि मग, लिफ्टची जेमतेम सवय होत होती, तर एका सकाळी लिफ्टच्या दारावर पुन्हा तिरक्या अक्षरात पाटी. थंडोबांनी आरसे परत बसवायला घेतले होते. पहिल्या दिवसापासून जे दिसत होतं ते एकदा नीट, मान वर करून मोजायचं होतं त्यांना, आणि मोजायचं तर जमीन जराही थरथरायला नको. पण उतरवलेले आरसे पुन्हा जागेवर आणणं म्हणजे महिनोन् महिन्यांचं काम, आणि निवृत्ती दारात. दोन दिवस आधी बोलली असती, तर एकही आरसा जागचा हलला नसता. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. आता जिन्यात धापा टाकणारे लोक योग्य पत्त्यावर शिव्या घालत होते, आणि ती मान खाली घालून बाजूने जायची. पुढच्या दाराने मात्र.

रोज दुपारी ती थंडोबांच्या खोलीत जायला लागली. त्यांनी बोलावलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती दारात उभी राहिली. त्यांनी तिच्याकडे न बघता एक पेचकस पुढे केला. आरशाच्या मागे बारीक स्क्रू असतात, ते ती फिरवायची, थंडोबा फोटोत बघायचे. ती त्या कामात अगदीच ढ. "डावीकडे." "जास्त झालं." "थांबा." यापलीकडे शब्द नाही. बाई नाही, मॅडम नाही, चहा घेता का नाही. घरी येऊन ती बोटं चोळत बसायची. चष्मेवाला विचारायचा, "आज किती शब्द?" "सात," ती म्हणायची. "वा, वाढले."

मागच्या महिन्यात थंडोबांचा निरोप वर आला: ग्रंथालयाची शिडी हवी आहे. टेबलाच्या वर, छताजवळ एक आरसा असतो, तिथे हात पोचत नाही. शिडी मी शिपायाबरोबर खाली पाठवली आणि मागोमाग स्वतः उतरले, तीन मजले, गुडघ्यांना शिव्या देत. असलं दृश्य चुकवायला मी काय मेले होते?

दार अर्धं उघडं होतं. शिडी टेबलाशेजारी लावलेली. थंडोबांनी ती दोन्ही हातांनी धरली होती. हात थरथरत होते की नाही, मला दिसलं नाही. कापडी बूट पहिल्या पायरीवर होते.

"सर, हलतेय का ही?"

"शिडी हलत नाहीये. तुम्ही हलताय."

"धरलीय ना?"

"धरलीय. खाली बघू नका. आणि बोलू नका."

मी आणखी जरा आत डोकावले. थंडोबांनी मान वळवली नाही, पण जिना उतरून आलेल्या म्हातारीची धाप लपते थोडीच.

"मावशी," ते म्हणाले, "इथे तिसऱ्याला बंदी आहे."

मला हसू आवरेना. शिडीवाली हसली नाही. तिने शिडी दोन्ही हातांनी आवळली, डोळे मिटून घेतले आणि दुसऱ्या पायरीसाठी पाय उचलला.